यांगूनचे फोटो: काढले आणि काढून टाकले

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला ब्रह्मदेश परका वाटत नाही. शाळेची पहिली सहल थिबा पॅलेसला जाते. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेहून उचललं आणि पुढे आमच्या गावात आणून ठेवलं. १९१६ साली तो इथेच वारला. त्याआधीच आमच्या गावात जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी उलट दिशेने, त्याच मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवलं होतं. एक राजा तिकडून इकडे, एक लोकमान्य इकडून तिकडे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे, म्हणजे ब्रह्मदेशचे, अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले, तेव्हा हा देश आता उघडतोय हे मला पहिल्यांदा जाणवलं. २०१५ च्या नोव्हेंबरात तिथे निवडणूक आहे हे कळलं आणि मी बँकेत दिवाळीची रजा मागितली.

मी पत्रकार नाही. सहकारी बँकेत काम करते आणि वीस वर्षं हौसेने फोटो काढते. आधी हे सांगते, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरून ठरले.

५ ऑक्टोबरला, सोमवारी, ई-व्हिसाचा अर्ज भरला. पर्यटकाचा व्हिसा, २८ दिवस, एकदाच प्रवेश, फी ५० डॉलर. म्हणजे तेव्हाचे साधारण ३,३०० रुपये, वर कार्डाचे चार्जेस. तीन कामाच्या दिवसांत उत्तर येतं म्हणतात, माझं सहाव्या दिवशी आलं. चूक माझीच. फोटोची पार्श्वभूमी पांढरी समजून मी घरच्या निळसर भिंतीसमोर उभी राहिले होते. फोटो काढण्याचा छंद असलेल्या बाईचा पासपोर्ट फोटो नापास झाला, हे ऑफिसात आठवडाभर पुरलं. मंजुरीचं पत्र छापून दोन प्रती सोबत घ्या. विमानतळावर मोबाइलवर दाखवलेलं चालेल की नाही याचा प्रयोग करत बसू नका.

‘प्रसारमाध्यम’ या वर्गात अर्ज करावा का, यावर मी बराच खल केला. त्यासाठी संस्थेचं पत्र लागतं आणि माझ्यामागे संस्था नाही. शेवटी ठरवलं की पर्यटक म्हणून जायचं, पर्यटकाला दिसतं तेवढंच टिपायचं आणि मतदान केंद्राच्या फाटकाबाहेर थांबायचं. आत जायला निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं आणि ते हौशी माणसाला मिळत नाही. खोटं बोलून आत घुसण्याचे किस्से लोक रंगवून सांगतात. अडचणीत मात्र तुम्हाला आत सोडणारा तिथला माणूस येतो.

तिकीट मुंबई–बँकॉक–यांगून (जुनं रंगून), जाऊन-येऊन ३१,००० रुपये. बँकॉकला दोन विमानतळ आहेत. उतरायचं एका ठिकाणी आणि पुढचं विमान दुसऱ्या ठिकाणाहून, असं स्वस्त तिकीट घेतलं तर तेव्हा मध्ये थायलंडचा व्हिसा काढावा लागायचा. वाचवलेले पैसे तिथेच जायचे.

आणि डॉलर. यांगूनच्या पैसे बदलणाऱ्या खिडकीवर नोट कोरी करकरीत लागते. घडी नको, डाग नको. मी सहा नोटा एका जाड वहीत सपाट ठेवून नेल्या. तरी खिडकीमागच्या मुलीने एक परत केली. कोपऱ्यात पेनाची बारीक टिकली होती. आयुष्यभर नोटांच्या गड्ड्यांवर पेन चालवणाऱ्या आमच्या जातीला हा न्याय बरोबरच म्हणायचा. शंभर डॉलरचे तेव्हा सव्वा लाखाच्या वर च्यात, म्हणजे तिथलं चलन, मिळाले. एवढं मोठं पुडकं हातात आल्यावर क्षणभर श्रीमंत वाटतं, मग टॅक्सीवाला विमानतळापासून गावात यायचे आठ हजार सांगतो. मीटर नसतो, बसण्याआधी ठरवा.

३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी पोचले. मुक्काम सुले पॅगोड्यापासून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या एका गेस्टहाउसात. रात्रीचे २२ डॉलर, खिडकी नाही, पंखा आहे. स्वागतकक्षात बसणारी मुलगी बावीस-तेवीसची असेल. तिने पहिल्याच रात्री मला एक वाक्य पाठ करायला लावलं: “दाऽतपोंऽ याइलो या मला?” म्हणजे फोटो काढला तर चालेल का? शेवटचं ‘मला’ ऐकून मला हसू आलं. ते तिला समजावताना आम्हा दोघींचं इंग्रजी संपलं. ‘याडे’ म्हणजे चालेल, ‘मयाबू’ म्हणजे नाही. या तीन शब्दसमूहांवर मी दोन आठवडे काढले. मयाबू फार थोडे म्हणाले, आणि म्हणाले तेही हसून.

पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवला. हे जमलं तर जरूर करा. नव्या गावात पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतं ते सगळं आधीच कुणीतरी टिपलेलं असतं: थनाका (सालीचा पिवळसर लेप) लावलेले गाल, लुंगीतले बाप्ये, भिक्षूंची रांग. तिसऱ्या दिवशी दिसायला लागतं की इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि बहुतेकांचं स्टिअरिंगही उजवीकडेच आहे. त्यामुळे बसमधून उतरणारा माणूस तेव्हा थेट वाहत्या रस्त्यात उतरायचा. दुचाकी दिसत नाहीत, गावात त्यांना बंदी आहे. आणि इमारतींच्या गच्च्यांमधून खाली दोऱ्या लोंबतात.

या दोऱ्यांनी मला वेड लावलं. पाचव्या-सहाव्या मजल्यावरून एक लांब दोरी फूटपाथपर्यंत येते, तिच्या टोकाला कागद धरायचा पत्र्याचा चिमटा. काहींच्या वरच्या टोकाला घंटी. सकाळी पेपरवाला येतो, चिमट्यात पेपर अडकवतो, दोरीला हिसका देतो आणि पुढे जातो. वर घंटी वाजते, एक हात बाहेर येतो आणि पेपर हलके हलके वर जातो. जिना नको, हाका नकोत. मी ३२व्या गल्लीत तीन सकाळी त्या हातांसाठी उभी राहिले. हे चित्र मी काय म्हणून काढत होते ते मला नंतर उमगलं: त्या चिमट्यात अडकलेले पेपर तिथे नवे होते. छापण्याआधी मजकूर सरकारला दाखवायची सक्ती २०१२ च्या ऑगस्टमध्ये उठली, खाजगी दैनिकं १ एप्रिल २०१३ पासून निघायला लागली. दोरी जुनी, चिमटा जुना, वर जाणारा कागद दोन-अडीच वर्षांचा.

सिमकार्डाचंही तसंच. मी दीड हजार च्यातला, म्हणजे ऐंशीएक रुपयांना घेतलं. गेस्टहाउसचे मालक म्हणाले, काही वर्षांपूर्वी एका सिमच्या पैशात लोक जमिनीचा तुकडा घेत. फूटपाथवर टेबल टाकून त्यावर लँडलाइन फोन ठेवणाऱ्या बायका अजून होत्या, गिऱ्हाईक मात्र नव्हतं. त्यातल्या एकीचा फोटो घेतला तेव्हा ती स्वतःच्या मोबाइलवर बोलत होती.

१ नोव्हेंबरला, रविवारी, थुवुन्नाच्या मैदानाकडे ‘एनएलडी’ची, म्हणजे तेव्हाच्या विरोधी पक्षाची, प्रचंड सभा होती. टॅक्सी दोन किलोमीटर आधीच अडकली. उतरून गर्दीबरोबर चालत गेले. सगळीकडे लाल, त्यावर सोनेरी मोर आणि पांढरा तारा. पोरांच्या गालांवर मोराचे स्टिकर. पक्षाच्या नेत्या आँग सान सू ची दूरवर एका ठिपक्याएवढ्या दिसल्या. मी तिकडे लेन्स वळवलीही नाही, माझ्याकडे एकच ३५ मिलिमीटरची लेन्स होती आणि ठिपका ठिपकाच राहिला असता. गर्दीत फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: व्यासपीठ सगळेच काढतात, तुम्ही पाठ फिरवा. माझे बरे फोटो सगळे पाठ फिरवून काढलेले आहेत. भाषण ऐकणारी आजी, बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, उसाचा रस काढता काढता थबकलेला माणूस.

उन्हाचं आणि घामाचं एवढंच सांगते की कॅमेऱ्याबरोबर सुती पंचा ठेवा आणि वातानुकूलित जागेतून बाहेर पडल्यावर दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतून काढू नका. लेन्सवर वाफ धरते.

एक दिवस गोल फिरणाऱ्या लोकलला दिला. सेहेचाळीस किलोमीटरचं कडं, तीन तास, तिकीट २०० च्यात, म्हणजे दहा रुपये. डान्यिनगोनला बाजार अगदी रुळांना चिकटून आहे. गाडी थांबली की खिडक्यांतून पालेभाजीचे भारे आत येतात, मागून बाया येतात, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत डब्यातच जुड्या बांधून होतात. आपल्याकडे लोकलमध्ये भाजी निवडतात, तसंच. मी खाली बसून एका बाईच्या जुड्यांना रबर लावू लागले. तिने माझ्या दोन जुड्या सोडून पुन्हा बांधल्या, मग मला फोटो काढू दिला.

अडचण एकदाच आली. ४ तारखेला एका सरकारी इमारतीच्या भिंतीवरचे मतदानाचे फलक टिपत होते. साध्या कपड्यातला एक माणूस आला, कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. आवाज चढा नव्हता. मी त्याच्यासमोर चार फोटो पुसले, ‘इंडिया’ म्हटलं, नमस्कार केला. तो निघून गेला. घरी आल्यावर ते चार फोटो सॉफ्टवेअरने परत मिळवता आले असते, मी नाही मिळवले. पण त्या दिवसापासून रोज रात्री कार्ड रिकामं करून दुसऱ्या दिवशी कोरं कार्ड घालायला लागले. सुलेच्या त्याच परिसरात २७ सप्टेंबर २००७ रोजी, भिक्षूंच्या आंदोलनात, केंजी नागाई या जपानी पत्रकाराला सैनिकाने गोळी घातली होती. जमिनीवर पडलेला असतानाही त्याच्या हातात कॅमेरा होता. माझ्यासारखीला फक्त ‘पुसा’ सांगितलं जातंय, हाच काय तो बदल, असं त्या रात्री वहीत लिहिलंय.

८ नोव्हेंबर, रविवार. मतदान सकाळी सहा ते चार. मी पावणेपाचला बाहेर पडले तर अंधारात रांग लागलेली. सणाला नेसावी तशी कडक लुंगी, केसांत फुलं, हातात मतदाराची चिठ्ठी. कुणी बोलत नव्हतं. मी समोरच्या चहाच्या दुकानात, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिले. या दुकानांत पोऱ्याला बोलवायचं तर ओठांनी मुका घेतल्यासारखा आवाज करतात. मला ते धाडस शेवटपर्यंत झालं नाही, मी हात वर करत राहिले. चहा दाट, गोड, डब्यातल्या दुधाचा.

साडेसात वाजता कोपऱ्यावरचा पानवाला मत देऊन परतला. विड्याचं पान, चुना, सुपारी, तंबाखू, सगळं आपलंच, फक्त तिथे चुना ब्रशने पानभर लावतात. वर्षानुवर्षांच्या चुन्याने त्याची बोटं पांढरी, भेगाळलेली. करंगळी मात्र नखापासून पहिल्या पेरापर्यंत जांभळी, शाई अजून ओली. त्याने पान माझ्यापुढे धरलं. मी विचारलं, “या मला?” तो म्हणाला, “याडे,” आणि हात तसाच धरून ठेवला. चेहरा चौकटीत आला नाही, मागे फक्त त्याची लुंगी. त्या सबंध प्रवासातला माझा सर्वांत आवडता फोटो तोच आहे.

९ तारखेला श्वेगोंडाइन रस्त्यावर ‘एनएलडी’च्या कचेरीसमोर मोठा पडदा लावून आकडे दाखवत होते. सत्ताधारी पक्षाचे प्रभारी प्रमुख टे ऊ स्वतःच्या मतदारसंघात हरल्याचं कळलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईने मला, अनोळखीला, घट्ट धरलं आणि रडली. मी फोटो काढू शकले नाही, हात तिच्या पाठीवर होते. अधिकृत बहुमत १३ तारखेला जाहीर झालं. अंतिम हिशोबात दोन्ही सभागृहांच्या मिळून ३९० जागा त्यांना. अर्थात एक चतुर्थांश जागा सैन्याला आधीच राखलेल्या होत्या, आणि राज्यघटनेच्या ५९(फ) कलमाने सू चींना अध्यक्ष होता येत नव्हतं, मुलं परदेशी नागरिक म्हणून. मी हे २६व्या गल्लीत हिंदी बोलणाऱ्या एका म्हाताऱ्या कापडवाल्या चाचांना विचारलं. त्यांच्याही करंगळीला शाई होती. ते म्हणाले, “बेटी, मत हमने दिया, उम्मीदवार हमारा एक नहीं।” त्या निवडणुकीत ‘एनएलडी’ने एकही मुस्लिम उमेदवार दिला नव्हता, आणि राखाइन प्रांतातल्या रोहिंग्या मुस्लिमांचा मतदानाचा हक्कच काढून घेतला होता. माझ्या ३,४०० फोटोंत हे कुठेच नाही. आनंद काढायला सोपा असतो, आणि मी सोपं तेच काढलं.

लक्ष्मीपूजन ११ तारखेला होतं. अनोरथा रस्त्यावरच्या काली मंदिरात तमिळ कुटुंबांनी पणत्या मांडल्या होत्या, दीपावलीची तिथे सुट्टी असते. मीही एक लावली आणि आईला व्हिडिओ पाठवला. दिवाळी बुडवली म्हणून ती आठ दिवस नीट बोलत नव्हती.

१४ ला परत. एकूण खर्च ७४,००० रुपये. निघण्याआधी चाळीसएक फोटो तिथल्याच स्टुडिओत छापून लोकांना नेऊन दिले. एका प्रतीला दीडशे च्यात. फोटो काढायला परवानगी मागण्यापेक्षा फोटो परत नेऊन देण्याने जास्त दारं उघडतात. हे आधी कळलं असतं तर पहिल्याच आठवड्यात केलं असतं. सात जण सापडले नाहीत. त्यांच्या प्रती पाकिटात घालून, मागे पेन्सिलीने नावं लिहून घरी आणल्या, पुढच्या खेपेला देऊ म्हणून.

जानेवारी २०१६ मध्ये साठ फोटो ब्लॉगवर टाकले. नावं, गल्ल्या, तारखा, सगळं तपशीलवार. तेव्हा मला त्या तपशिलाचा अभिमान होता.

१ फेब्रुवारी २०२१ ला, सोमवारी सकाळी, सैन्याने सत्ता घेतली. दुसऱ्या दिवसापासून रात्री आठ वाजता यांगूनच्या गच्च्यांवर लोक भांडी बडवायला लागले. पिशाच्च घालवायला पूर्वापार करतात तसं. ज्या गच्च्यांवरून पेपरच्या दोऱ्या लोंबायच्या, त्याच गच्च्या. ४ तारखेला फेसबुक बंद झालं, पुढे रात्रीचं इंटरनेटही. मार्चमध्ये गेस्टहाउसमधल्या त्या मुलीचा निरोप आला, पाच वर्षांनी पहिल्यांदा. चौकशी नाही, काही नाही. रस्त्यात सैनिक मोबाइल तपासतायत, तुझ्या ब्लॉगवरचा माझा लाल टी-शर्टमधला फोटो काढून टाकशील का?

तो पाच मिनिटांत काढला. मग रात्रभर बाकीचे एकोणसाठ पाहिले. मोर, झेंडा, गाल, गल्ली क्रमांक. प्रत्येक ओळ कुणाच्या तरी घराचा पत्ता होती.

पुसण्याचं काम काढण्यापेक्षा लांबलं. कुणावर ही वेळ आली तर म्हणून लिहिते. ब्लॉगवरून फोटो काढला तरी मूळ फाइलचा दुवा जिवंत राहतो, ती फाइल आतल्या साठ्यातून वेगळी पुसावी लागते. शोधयंत्राच्या साठवणीतून चित्र काढायला वेगळा अर्ज, प्रत्येक दुव्यासाठी एकेक. माझे शेवटचे जायला अकरा दिवस लागले. जुनी पानं जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळाला ब्लॉगच्याच ईमेल पत्त्यावरून पत्र लिहिलं, तीन आठवडे वाट पाहिली. दोन मित्रांनी फोटो आपल्या पानांवर लावले होते, त्यांना फोन. एकजण म्हणाला, “अगं, इतक्या वर्षांनी कोण बघतंय?” त्याच्याशी वाद घातला नाही, फक्त तासाभराने पुन्हा फोन केला. फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि जीपीएसची जागा दडलेली असते, ती घरच्या प्रतींतूनही काढली. चेहरे धूसर करून ठेवावेत असं आधी वाटलं होतं, पण लुंगीचं नक्षीकाम आणि दुकानाची पाटीही माणूस ओळखवते. सगळं मिळून सहा आठवडे. खर्च शून्य.

आता ब्लॉगवर त्या प्रवासाचे चार फोटो आहेत: दोन दोऱ्या, लोकलमधला भाजीचा भारा आणि पानवाल्याची बोटं. बोटांबद्दल मी गेस्टहाउसमधल्या त्या मुलीला विचारलं होतं. उत्तर दोन महिन्यांनी आलं, एकच शब्द: याडे. त्यानंतर तिचा निरोप नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये केंजी नागाईचा कॅमेरा बँकॉकमध्ये त्याच्या बहिणीच्या हाती आला, साडेपंधरा वर्षांनी. ती बातमी वाचली त्या रविवारी मी कपाटातून माझं ते पाकीट काढलं. सातही प्रती ठेवल्यात. मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं खोडरबरने पुसली.